विश्लेषण : वसंतात समुद्रपक्षी परतले, पण किती?

एप्रिल उजाडला की वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या स्कोमर बेटाची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात. रंगीत चोचीचे पफिन बिळांपाशी उभे, कड्यावर खांद्याला खांदा लावून बसलेले काळे-पांढरे गिलेमॉट, खाली फेसाळता समुद्र. हिवाळा कितीही कडक गेलेला असो, ‘परतले!’ एवढा मथळा या छायाचित्रांना पुरतो. पाहणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो. प्रत्यक्षात त्या एका शब्दातून फारच थोडे कळते. गिलेमॉट या एकाच जातीच्या पक्ष्याने २०१४ ते २०१६ या काळात दोन महासागरांत दोन भीषण हिवाळे पाहिले. अटलांटिकमध्ये तो सावरला. पॅसिफिकमध्ये अलास्कातील त्याची जवळपास निम्मी संख्या नाहीशी झाली. आणि पुढच्या वसंतात दोन्हीकडच्या कड्यांवर पक्षी दिसतच होते.

समुद्रपक्षी किनाऱ्यावर येतात तरी कशाला?

समुद्रपक्षी म्हणजे किनाऱ्याचे रहिवासी, असा आपला समज असतो. गिलेमॉट, पफिन, रेझरबिल या ऑक कुळातील पक्ष्यांच्या बाबतीत तो उलटा आहे. वर्षातील बराच काळ ते खुल्या समुद्रावर असतात. खाणे, झोपणे, पिसे गाळणे सारे पाण्यावरच. जमीन लागते ती अंडे घालण्यापुरती.

गिलेमॉट तर घरटेही बांधत नाही. उभ्या कड्यावरच्या अरुंद कातळपट्टीवर तो एकच अंडे घालतो. जोडी वर्षानुवर्षे त्याच वीतभर जागेवर येते. म्हणून ती जागा राखणे आले. हिवाळ्यातही समुद्र शांत असेल त्या दिवशी हे पक्षी कड्यावर धावती भेट देऊन जातात. लोकलच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरण्यासारखाच हा प्रकार. मुक्काम मात्र वसंतातच पडतो. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचे झाले, की नीट उडता येत नसतानाच कड्यावरून खाली झेप घेते. पुढचे काही आठवडे समुद्रावर बाप त्याला सांभाळतो. जुलै सरता सरता कडा ओस पडतो.

मुंबईकरांचा अनुभव नेमका उलट आहे. गेटवेच्या बोटींमागे शेव-गाठियांसाठी घिरट्या घालणारे कुरव हिवाळी पाहुणे असतात आणि वसंत हा त्यांच्या जाण्याचा काळ. स्कोमरला जे आगमन वाटते, त्याच सुमारास आपल्याकडे निरोप सुरू असतो.

हिवाळ्यात त्यांच्यावर काय गुदरते?

थंडीने हे पक्षी सहसा मरत नाहीत. ते मरतात उपासमारीने. गिलेमॉटचे वजन साधारण किलोभर. पंख आखूड, पाण्याखाली वल्ह्यासारखे चालणारे. शंभर मीटरपेक्षा खोल बुडी मारून तो मासे पकडतो. या शरीररचनेची किंमत हवेत मोजावी लागते. उडताना पंख इतके भराभर मारावे लागतात की प्रचंड ऊर्जा खर्च होते. रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके मासे पोटात गेले पाहिजेत, आणि तीन ते पाच दिवस काहीच मिळाले नाही तर खेळ संपतो. अंगावर चरबीचा साठा बाळगून महिना काढण्याची चैन त्याला नाही.

आता २०१३-१४ चा हिवाळा आठवू. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत उत्तर अटलांटिकमधून एकामागून एक वादळे ब्रिटन, फ्रान्स आणि स्पेनच्या किनाऱ्यांवर आदळत राहिली. दोन वादळांमध्ये उसंत अशी नव्हतीच. पाणी गढूळ, मासे विखुरलेले, लाटा डोंगराएवढ्या. वादळानंतर चार दिवस शांततेचे मिळाले असते तर बहुतेक पक्ष्यांनी पोट भरून घेतले असते; ते मिळाले नाहीत. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर त्या हिवाळ्यात सुमारे ५५ हजार समुद्रपक्षी वाहून आले. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक मृत होते. सर्वाधिक संख्या पफिनची, त्याखालोखाल गिलेमॉटची. फ्रान्सच्या पुळणींवर हाडांचे सापळे झालेले पक्षी हारीने पडले होते.

हा आकडा फक्त किनाऱ्याला लागलेल्यांचा आहे. समुद्रात बुडालेले, माशांनी खाल्लेले, दगडाळ निर्जन किनाऱ्यांवर पडलेले यात नाहीत. त्यामुळे मृतदेह मोजून हानीचा अंदाज बांधणे हे आधीपासूनच अपुरे काम. मग वसंतात कड्यावर परतलेले पक्षी मोजले की झाले, असे कुणालाही वाटेल. अडचण तिथेच आहे.

कड्यावरची गर्दी दिशाभूल कशी करते?

गिलेमॉट जन्मल्यावर लगेच पुढच्या वर्षी संसार थाटत नाही. पहिले अंडे घालायला त्याला पाच ते सात वर्षे लागतात. दरम्यानच्या काळात ही तरुण मंडळी वसाहतीच्या आसपास घोटाळत असतात. जागा मोकळी झाली की शिरायचे, नाही तर वाट पाहायची. एखाद्या वाईट हिवाळ्यात अनुभवी, पिल्ले वाढवणारे पक्षी मोठ्या संख्येने मेले की त्यांच्या जागांवर हे प्रतीक्षा यादीतले उमेदवार येऊन बसतात. कडा पुन्हा भरलेला दिसतो. छायाचित्र गेल्या वर्षीसारखेच येते. प्रत्यक्षात वसाहतीची पुंजी खर्च झालेली असते.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. स्कोमरवर कित्येक दशके गिलेमॉटच्या पिल्लांच्या पायात क्रमांकाची, रंगीत कडी घातली जात आहेत. कोणता पक्षी किती वर्षांचा, तो यंदा आला की नाही, हे दुर्बिणीतून कडी वाचून कळते. या नोंदींमधून एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. १९९९ मध्ये फ्रान्सजवळ बुडालेले ‘एरिका’ आणि २००२ मध्ये स्पेनजवळ फुटलेले ‘प्रेस्टिज’ यांसारख्या चार मोठ्या तेलगळतींच्या हिवाळ्यांत स्कोमरच्या प्रौढ गिलेमॉटचे मृत्यू दुपटीने वाढले होते. हिवाळ्यात हे पक्षी त्याच बाजूच्या समुद्रात असतात. तरीही कड्यावरची एकूण संख्या त्या प्रमाणात घसरली नाही, कारण तरुण पक्षी नेहमीपेक्षा जास्त संख्येने वसाहतीत सामील झाले. नुसती डोकी मोजणाऱ्याला काही घडले आहे याचा पत्ताही लागला नसता.

२०१४ च्या वसंतातही तेच झाले. एरवी शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव प्रौढ गिलेमॉट हिवाळा पार करून येतात. वादळांनंतर मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट झाल्याचे कड्यांच्या नोंदींतून दिसले. जे परतले त्यांनी अंडीही उशिरा घातली. पर्यटकांच्या बोटी नेहमीप्रमाणे सुरू होत्या आणि कड्यांवर पक्षी होते.

अलास्कात काय घडले?

तिथला हिवाळा वादळाने कडक झाला नव्हता, उबेने झाला होता. २०१४ ते २०१६ दरम्यान ईशान्य पॅसिफिकमध्ये कोमट पाण्याचा एक अवाढव्य पट्टा ठाण मांडून बसला. काही ठिकाणी पाणी सरासरीपेक्षा दोन-तीन अंश सेल्सिअसने अधिक तापलेले. शास्त्रज्ञांनी त्याला ‘ब्लॉब’ असे काहीसे विनोदी नाव दिले. परिणाम विनोदी नव्हते. कोमट पाण्यात प्लवकांची साखळी विस्कटली आणि त्यांवर जगणारे लहान मासे संख्येने कमी, आकाराने लहान व सत्त्वाने हलके झाले. त्याच वेळी कॉड, पोलॉक यांसारख्या मोठ्या माशांची भूक वाढली. कारण माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर वाढते आणि त्याबरोबर खाण्याची गरजही. ताटात कमी अन्न आणि ताटाभोवती अधिक खाणारे, अशा कात्रीत गिलेमॉट सापडला. अमेरिकेत त्याला म्यूर म्हणतात, पक्षी तोच.

२०१५-१६ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत सुमारे ६२ हजार मृत वा मरणासन्न म्यूर किनाऱ्याला लागलेले आढळले. त्यातले बहुतेक अलास्कात. व्हिटियर गावाजवळच्या एकाच पुळणीवर जानेवारी २०१६ मध्ये हजारोंचा खच पडला होता.

पुढे काय झाले ते आकड्यांच्या भाषेत पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने किनाऱ्याला लागलेल्या पक्ष्यांवरून हिशेब मांडला आणि मृतांचा आकडा पाच लाख ते बारा लाख यांच्या दरम्यान असावा, असे म्हटले. तोही तेव्हा धक्कादायक वाटला. मग डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हेदर रेनर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी मृतदेहांचा नाद सोडून वसाहतींकडे पाहिले. अलास्कातील तेरा वसाहतींमध्ये उष्णतेच्या लाटेपूर्वी आणि नंतर झालेल्या मोजण्या शेजारी ठेवल्या. अलास्काच्या आखातात संख्या निम्म्यावर आली होती, तर पूर्व बेरिंग समुद्रात तीन चतुर्थांश पक्षी गायब होते. एकूण हानी सुमारे ४० लाख पक्ष्यांची, म्हणजे अलास्कातील जवळपास निम्म्या म्यूरची. आधुनिक काळात नोंदवलेला हा वन्यजीवांचा सर्वात मोठा सामूहिक मृत्यू असल्याचे या अभ्यासकांचे म्हणणे आहे. तुलनेसाठी, १९८९ मध्ये याच भागात झालेल्या ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ तेलगळतीत मेलेल्या सर्व जातींच्या समुद्रपक्ष्यांचा नेहमी दिला जाणारा अंदाज अडीच लाखांच्या घरातला आहे.

किनाऱ्यावर दिसले ६२ हजार. गेले ४० लाख. आणि हे कळायला आठ वर्षे लागली. या आठ वर्षांतल्या प्रत्येक वसंतात अलास्काच्या कड्यांवर म्यूर परतत होते. समुद्रातून बोटीने जाणाऱ्या कुणालाही ‘लाखो पक्षी’ दिसलेच असते, कारण निम्मे उरले तरी ते लाखोंच्या घरातच होते.

एकीकडे सावरले, दुसरीकडे का नाही?

स्कोमरच्या गिलेमॉटवर आघात झाला तो एका हिवाळ्याचा. वादळे थांबली तेव्हा मासे जागेवर होते आणि प्रतीक्षा यादीतली तरुण फळी शाबूत होती. अलास्कात अन्नाचाच पाया हलला. २०१५ ते २०१७ दरम्यान तेथील अनेक वसाहतींमध्ये पिल्ले वाढवण्याचे हंगाम पूर्णपणे वाया गेल्याच्या २२ नोंदी आहेत. पूर्णपणे म्हणजे एकही पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचले नाही. ज्यांनी पाच-सात वर्षांनी रिकाम्या जागा भरायच्या, ती पिढी जन्मालाच आली नाही.

याखेरीज गर्दीचाही एक भाग आहे. गिलेमॉट दाटीवाटीने बसतो, एका चौरस मीटरमध्ये वीस-वीस जोड्या. बाहेरच्याला ही झोपडपट्टी वाटेल, पण अंड्याचे रक्षण ती दाटीच करते. चोचींची भिंत उभी असेल तर गल पक्ष्याला अंडे पळवायला वाट मिळत नाही. गर्दी विरळ झाली की मधल्या फटींमधून तो आत येतो. म्हणजे संख्या निम्मी झाली तर पिल्ले निम्म्याहूनही कमी होऊ शकतात. अलास्कात २०२२ पर्यंतच्या मोजण्यांमध्ये सावरण्याची चिन्हे दिसली नव्हती. त्यामागे हे कारण किती आणि बदललेल्या समुद्राचे कारण किती, यावर अभ्यासकांची चर्चा सुरू आहे.

आणि हे फक्त पक्ष्यांपुरते राहिले नाही. म्यूर मरू लागले २०१५ मध्ये. त्याच तापलेल्या पाण्याने कॉडचाही घास घेतला होता, पण ते कळले नंतर. साठा इतका घटला की अलास्काच्या आखातातील पॅसिफिक कॉडची केंद्रीय हद्दीतील मासेमारी २०२० साली बंद ठेवावी लागली. मच्छीमारांच्या जाळ्याआधी पक्ष्यांच्या पोटाने समुद्राची खबर दिली होती. ती वाचण्याइतक्या गांभीर्याने तेव्हा कुणी घेतली नाही.

आपल्या किनाऱ्याचा याच्याशी काय संबंध?

कोकणात गिलेमॉट नाहीत, पण वादळाने किनाऱ्याला लागणारे पक्षी आहेत. आपला ‘कडक हिवाळा’ पावसाळ्यात येतो. जून ते ऑगस्टदरम्यान नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर वाढला की मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी थकून मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पुळणींवर येतात. स्थानिक बातमीदार छायाचित्र काढतो, पक्षीमित्र त्याला उचलून उपचार करतात, वन विभागाला कळवले जाते. एखादा जगला तर सोडल्याची बातमी येते. हे काम चांगलेच आहे. पण एका पक्ष्याला जीवदान मिळाल्याने त्या जातीचे समुद्रात काय चालले आहे ते समजत नाही. तसेच वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकाळ बेटांचे. तिथे ब्रायडल्ड टर्न या जातीचे सुरय वीण घालतात. ॲलन ह्यूम यांनी १८७५ मधील सागरी सफरीनंतर या बेटांविषयी लिहिले होते. दीडशे वर्षांची ही ओळख. तिला साजेशी, दर हंगामाची, त्याच जागेवरून त्याच पद्धतीने केलेली मोजणी मिळाली तर अरबी समुद्र तापत असताना सिंधुदुर्गच्या मच्छीमारांनाही तिचा उपयोग होईल. पाण्यावर पक्षी घोंगावताना दिसले की खाली मासळी आहे, हे कोळ्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

मोजणीचे पैसे कोण देणार?

इथे वाद आहे आणि त्यात बाजू घ्यायला हवी. टिम बर्कहेड यांनी स्कोमरवर गिलेमॉटचा अभ्यास सुरू केला तो १९७२ मध्ये, ऑक्सफर्डचे संशोधक विद्यार्थी असताना. तेव्हा बेटावर जेमतेम दोन हजार गिलेमॉट उरले होते. जुन्या छायाचित्रांवरून काढलेल्या अंदाजानुसार १९३० च्या दशकात ते एक लाखाच्या आसपास असावेत. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांच्या तेलाने त्यांचा घात केला असे मानले जाते. पुढच्या चार दशकांत संख्या हळूहळू वाढून वीस हजारांपलीकडे गेली. ही वाढ डोळ्यांनी दिसत नाही, वर्षाला काही टक्के. ती वह्यांमध्ये दिसते.

या वह्यांसाठी वेल्समधील सरकारी निधी येत असे, वर्षाला सुमारे १२ हजार पौंड, तेव्हाच्या दराने बारा लाख रुपये. खर्चकपातीत तो बंद झाला आणि पाठोपाठ २०१४ ची वादळे आली. चाळीस वर्षांची माहिती ज्या एका हंगामासाठी जमवली होती, नेमक्या त्या हंगामात मोजणाऱ्यांचे पैसे संपले. बर्कहेड यांनी ‘नेचर’मध्ये या निर्णयावर जाहीर टीका केली आणि लोकवर्गणीचे आवाहन केले. लोकांनी पैसे दिले, अभ्यास चालू राहिला.

सरकारी बाजू अगदीच पोकळ नव्हती. त्याच बेटावर पक्ष्यांची दुसरी नियमित गणना होतच होती. दोन-दोन मोजण्या कशाला, हा प्रश्न लेखापरीक्षकाला सुचणारच. पण गणना सांगते आज किती आहेत. कोण मेले, कोणाच्या जागी कोण आले, किती वर्षांचे अनुभवी पक्षी गेले, हे फक्त कडी वाचणारा सांगू शकतो. तेलगळतीच्या वर्षांत दिसले त्याप्रमाणे या दोघांची उत्तरे वेगळी असू शकतात. अशा वेळी बारा लाखांची बचत म्हणजे आगीचा बंब विकून पेट्रोलचे पैसे वाचवणे.

कंटाळवाण्या कामाला पैसा मिळत नाही, ही खरी गोम आहे. मृत पक्ष्यांचा खच पडला की मदत येते, कॅमेरे येतात. नव्या उपकरणाला, उपग्रह टॅगला, तीन वर्षांच्या प्रकल्पाला निधी मिळतो. एकाच खडकावर बसून एकतिसाव्या वर्षी तेच पक्षी पुन्हा मोजण्यासाठी अर्ज केला तर ‘यात नवीन काय?’ असे विचारले जाते. अलास्कात २०१४ पूर्वीच्या मोजण्या हाताशी नसत्या तर ४० लाखांचा आकडा कधीच निघाला नसता. सारे जग ६२ हजारांवर समाधान मानून पुढे गेले असते. त्या मोजण्या झाल्या त्या वर्षांत काहीही विशेष घडत नव्हते, आणि त्यांची किंमत नेमकी त्यामुळेच आहे.

ब्रिटनमध्ये गिलेमॉटची प्रमाणित मोजणी जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत, सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत होते. वारा फार असेल किंवा पाऊस असेल तर त्या दिवशी मोजायचे नाही. ठरलेल्या जागी बसायचे, समोरच्या कड्याच्या छायाचित्रावर आखलेल्या चौकटीतला एकेक पक्षी मोजायचा, आकडा लिहायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.